मतदार सवती

१८५२ साली यूटातल्या सॉल्ट लेक सिटीत चोवीस वर्षांच्या एका विधवेने स्वतःच्या लग्नाचा प्रस्ताव स्वतःच लिहून पाठवला. पदरात दोन लहान मुली. पत्र ज्याला गेलं तो डॅनियल वेल्स म्हणजे गावातलं बडं प्रस्थ आणि तिच्या मयत नवऱ्याचा मित्र. मित्राच्या मागे राहिलेल्या बाईच्या एकटेपणाचा विचार व्हावा, अशा मतलबाचं ते पत्र होतं. वेल्सने विचार केला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात लग्न लागलं. त्याच्या पहिल्या बायकोने नवऱ्याचा नवा मॉर्मन धर्म नाकारून मागेच राहणं पसंत केलं होतं. मॉर्मन पंथात तेव्हा बहुपत्नीत्व चालत होतं. तिलाही धरलं तर ही सातवी.

या बाईचं नाव एमेलिन बी. वेल्स. पुढे तिने बायकांचं वर्तमानपत्र सदतीस वर्षं चालवलं, वॉशिंग्टनला जाऊन राष्ट्राध्यक्षांसमोर बाजू मांडली, सुझन बी. अँथनीसारख्या मताधिकाराच्या धुरीणीशी जन्माची मैत्री जोडली आणि नव्वदी ओलांडेपर्यंत मॉर्मन बायकांच्या ‘रिलीफ सोसायटी’ या संघटनेचं अध्यक्षपद सांभाळलं. त्या काळच्या अमेरिकेला या गोष्टींची संगती काही केल्या लागत नव्हती. सवतींच्या घरात नांदणारी बाई मताचा हक्क कुठल्या तोंडाने मागते, असा सवाल पूर्वेकडच्या शहरांतले संपादक, पाद्री आणि सुधारक करत. बऱ्याच सुधारक बायकाही तेच विचारत. एमेलिनचं चरित्र वाचलं की वाटतं, तो सवालच उलटा होता. नवऱ्याच्या आधारावर जगणं किती बेभरवशाचं असतं, हे तिच्याइतकं त्यांच्यापैकी थोड्याच जणींना ठाऊक असेल.

तिचा जन्म मॅसॅच्युसेट्समधल्या पीटरशॅम गावचा, २९ फेब्रुवारी १८२८ चा. वडील ती चार वर्षांची असताना गेले. मुलगी हुशार, वाचायची ओढ असलेली. आईने तिला शाळेत घातलं आणि चौदा-पंधराव्या वर्षी ती स्वतः शिकवायला लागली. तोवर आईने मॉर्मन पंथ स्वीकारला होता. जोसेफ स्मिथने १८३० मध्ये न्यूयॉर्क राज्यात स्थापन केलेला हा पंथ एका गावातून हुसकला जाऊन दुसऱ्या गावी, तिथून तिसऱ्या गावी असा सरकत आता इलिनॉयमध्ये, मिसिसिपीच्या काठी नॉव्हू इथे वसला होता. १८४२ च्या मार्चमध्ये चौदा वर्षांच्या एमेलिनने बाप्तिस्मा घेतला. पुढच्या वर्षी जेम्स हॅरिस या मॉर्मन कुटुंबातल्या मुलाशी तिचं लग्न झालं. नवरा पंधराचा, नवरीही पंधराची.

१८४४ च्या वसंतात दोघं सासू-सासऱ्यांबरोबर नॉव्हूला आली. जून संपता संपता जमावाने जोसेफ स्मिथला कार्थेजच्या तुरुंगात गोळ्या घालून मारलं. सासू-सासरे पंथ सोडून निघून गेले. सप्टेंबरात एमेलिनला मुलगा झाला आणि काही आठवड्यांतच तो दगावला. नोव्हेंबरात नवरा काम शोधायला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. तो खलाशी झाला आणि पुढे घरापासून हजारो मैलांवर, इकडे हिंदुस्थानच्या बाजूच्या सफरीत वारला. त्याने लिहिलेली पत्रं त्याच्या आईने सुनेपर्यंत पोचू दिली नव्हती, हे एमेलिनला कळायला कित्येक वर्षं जावी लागली. ‘त्याने मला टाकलं’ हेच ती अर्धं आयुष्य धरून चालली होती.

सोळा वर्षांची मुलगी, परक्या गावात, एकटी. पोटासाठी ती बिशप न्यूएल व्हिटनीच्या मुलांना शिकवू लागली आणि १८४५ च्या फेब्रुवारीत, सतरा पुरी व्हायच्या आत, त्याच बिशपची दुसऱ्या फळीतली बायको झाली. व्हिटनी तेव्हा पन्नाशीचा. आजच्या वाचकाला इथे ठेच लागते आणि ती लागायलाच हवी. पण एमेलिनच्या लेखी ते घर म्हणजे छप्पर होतं, माणसं होती. थोरली सवत एलिझाबेथ अ‍ॅन तिच्याशी आईसारखी वागली. पुढे एमेलिनने आपल्या एका मुलीला तिचंच नाव दिलं. सवत या शब्दाभोवती आपल्याकडच्या ओव्यांनी आणि म्हणींनी जेवढं विष साठवलंय, तेवढं या दोघींत कुठे दिसत नाही.

१८४६ च्या हिवाळ्यात मॉर्मन लोक नॉव्हू सोडून पश्चिमेला निघाले. वाटेत मिसूरी नदीकाठच्या विंटर क्वार्टर्स या तात्पुरत्या वसाहतीत एमेलिनने शाळा घेतली. १८४८ मध्ये बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर ती सॉल्ट लेकच्या खोऱ्यात पोचली तेव्हा दिवस भरत आले होते. थोड्याच दिवसांत मुलगी झाली. दोन वर्षांनी दुसरी. ही दुसरी जेमतेम महिन्याची असताना, सप्टेंबर १८५० मध्ये, व्हिटनी वारला. बाविसाव्या वर्षी एमेलिनच्या खाती एक नवरा परागंदा, एक नवरा मयत, एक मूल पुरलेलं आणि दोन मुली पदरात, असा जमाखर्च होता. आता कळतं, ते पत्र तिने का लिहिलं असेल.

डॅनियल वेल्स वाईट माणूस नव्हता. तो अतिशय कामात असलेला माणूस होता. पंथाचा तेव्हाचा प्रमुख ब्रिगम यंग याचा सल्लागार, पुढे दहा वर्षं सॉल्ट लेक सिटीचा महापौर. बाकीच्या बायका मोठ्या वाड्यात एकत्र राहत. एमेलिनचं बिऱ्हाड थोडं लांब, वेगळ्या छोट्या घरात होतं. तिथे वेल्सचं येणं अधूनमधून. तीन मुली झाल्या, एमी, अ‍ॅनी आणि लुई. आधीच्या दोन धरून पाच लेकी. एमेलिन रोजनिशी लिहायची. तिच्या चाळीसहून जास्त वह्या आज शिल्लक आहेत. त्यांत हवा, पाव्हणे, दुखणी, छापखान्याची देणी यांच्या अधल्यामधल्या ओळींत नवऱ्याची वाट पाहणं पुन्हा पुन्हा डोकावतं. तो आला नाही. तो आला पण बसला नाही. त्याच्या लेखी मी आहे की नाही, कोण जाणे. आणि त्याच सुमारास, त्याच दौतीतून, ती छापायला देत होती ते लेख बहुपत्नीत्वाच्या बाजूचे.

याला ढोंग म्हणायचा मोह होतो. मला ते तसं वाटत नाही. तिची धर्मावर खरोखर श्रद्धा होती आणि या लग्नपद्धतीला ती त्या धर्माचा भाग मानत होती. शिवाय बाहेरची माणसं ज्या थाटात ‘बिचाऱ्या मॉर्मन बायका’ म्हणून कळवळत होती, तो थाटच तिला झोंबत होता. आपल्या घरातलं दुखणं आपण वहीत लिहू, ते जगाने आपल्याला सांगायचं कारण नाही, अशी ती वृत्ती. पण तिच्या छापील लेखांत एक धागा असा आहे जो वहीतूनच आला असणार. बाईने पुरुषावर भिस्त ठेवून जगू नये, तिला स्वतःचं शिक्षण हवं, स्वतःची कमाई हवी, स्वतःचं डोकं हवं. सुखी संसारातल्या लेखिकेने हे इतक्या कडकपणे लिहिलं असतं की नाही, शंकाच आहे.

मताचा हक्क यूटात आला तो मात्र कुठल्याही चळवळीविना. काँग्रेसमध्ये बहुपत्नीत्वाविरुद्ध कडक विधेयक आलं तेव्हा जानेवारी १८७० मध्ये सॉल्ट लेकच्या जुन्या टॅबर्नॅकल या प्रार्थनागृहात हजारो मॉर्मन बायका निषेधाला जमल्या. महिन्याभरात, १२ फेब्रुवारी १८७० रोजी, यूटा टेरिटरीच्या (यूटा तेव्हा राज्य नव्हतं) विधिमंडळाने बायकांना मत दिलं. दोन दिवसांनी गावच्या निवडणुकीत सेराफ यंग या तरुण शिक्षिकेने मत टाकलं. वायोमिंगने कायदा काही आठवडे आधी केला होता, पण तिथे निवडणूक यायची होती. त्यामुळे अशा कायद्याखाली अमेरिकेत पहिलं मत टाकण्याचा मान एका मॉर्मन मुलीकडे गेला. ती ब्रिगम यंगच्याच नात्यातली.

हे मत देण्यामागे दोन्ही बाजूंचे हिशेब होते. पूर्वेकडच्या काही सुधारकांना वाटत होतं, बायकांच्या हाती मत आलं की त्या पहिल्या झटक्याला बहुपत्नीत्व उडवून लावतील. मॉर्मन पुढाऱ्यांना वाटत होतं, आमच्या बायका गुलाम नाहीत हे जगाला दिसेल आणि मतांची संख्याही वाढेल. झालं मॉर्मन पुढाऱ्यांना वाटलं तसं. तेव्हा ज्यांनी बायकांना मत द्यावं म्हणून आग्रह धरला होता, त्यांतले कित्येक आता ते काढून घ्या म्हणू लागले.

१८७२ च्या जूनमध्ये सॉल्ट लेकमध्ये ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे पाक्षिक निघालं. पंथाच्या बायकांचं, पण पंथाच्या मालकीचं नाही. एमेलिन त्यात ‘ब्लँच बीचवूड’ या टोपणनावाने लिहू लागली आणि १८७७ पासून संपादक झाली. ती चणीने अगदी लहानखुरी, पण अंकामागून अंक एकहाती रेटायची. वर्गणी वेळेवर येत नसे, छापखान्याचं देणं थकत असे. खेड्यापाड्यातल्या रिलीफ सोसायटीच्या बैठकांचे वृत्तांत, लंडन-बॉस्टनच्या बातम्या, कविता, मृत्युलेख आणि मताधिकारावरचे खणखणीत अग्रलेख, सगळं एकाच अंकात. झायनच्या म्हणजे आपल्या बायकांचे हक्क आणि साऱ्या राष्ट्रांतल्या बायकांचे हक्क ही दोन्ही तिने अंकाच्या माथ्यावर शेजारी शेजारी छापली होती.

एक्स्पोनंटने बायकांच्या डॉक्टरकीचा जोरदार पुरस्कार केला. रोमानिया प्रॅट आणि एलिस शिप या मॉर्मन बायका घरी मुलं ठेवून फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजात गेल्या आणि १८७७-७८ मध्ये डॉक्टर होऊन परतल्या. मराठी वाचकाला हे कॉलेज अनोळखी नाही. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये तिथूनच एम.डी. झाल्या. मुलांना मागे ठेवून शिकायला जाणं यूटातल्या या बायकांना साधलं, कारण मागे त्यांना सांभाळायला सवती होत्या. बहुपत्नीत्वाची ही बाजू त्याचे समर्थक फार रंगवून सांगत. ती खोटी नाही, पण तेवढ्यावर ती व्यवस्था तोलता येत नाही.

१८७९ च्या जानेवारीत एमेलिन झायना यंग विल्यम्स या दुसऱ्या मॉर्मन बाईबरोबर वॉशिंग्टनला राष्ट्रीय मताधिकार संघटनेच्या अधिवेशनाला गेली. मॉर्मन बायकांना व्यासपीठावर घ्यायचं की नाही, यावर अमेरिकेतल्या मताधिकारवाल्यांत सरळ दोन तट होते. बॉस्टनच्या बाजूचे चार हात दूर राहत. अँथनी आणि तिची सहकारी एलिझाबेथ केडी स्टँटन मात्र १८७१ मध्येच सॉल्ट लेकला येऊन गेल्या होत्या. मत काढून घेणं बाईच्या हक्कावरचा घाला आहे, मग बाई कुणाचीही बायको असो, असं त्यांचं सरळ म्हणणं. त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने रेनॉल्ड्स खटल्यात बहुपत्नीत्वविरोधी कायदा वैध ठरवला होता. अशा वेळी एमेलिन आणि झायना राष्ट्राध्यक्ष हेज यांना भेटल्या, त्यांच्या पत्नीलाही भेटल्या आणि या कायद्यांनी हजारो बायका बेवारस ठरतील, मुलं अनौरस ठरतील, असं बजावून आल्या. ऐकून घेतलं गेलं. झालं काहीच नाही.

१८८२ च्या एडमंड्स कायद्याने बहुपत्नीक घरांतल्या पुरुषांचं आणि बायकांचं मत गेलं. १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने यूटातल्या सगळ्याच बायकांचं. मॉर्मन असो वा नसो, एकपत्नीकाची बायको असो, विधवा असो, कुमारिका असो. पुरुषाला निदान ‘मी हा कायदा पाळीन’ अशी शपथ घेऊन मत राखता येत होतं. बाईला तीही सोय नव्हती. एकाहून जास्त लग्नं पुरुषांनी केली आणि शिक्षा म्हणून मत सरसकट बायकांचं काढून घेतलं. अमेरिकी कायद्याच्या इतिहासात याहून तिरपागडा न्याय शोधावा लागेल.

त्याच वर्षी धाकटी लुई गेली. एमी नऊ वर्षं आधीच गेली होती. दोघीही पंचविशीच्या आत. १८८८ मध्ये वेल्सच्या आर्थिक ओढगस्तीत एमेलिनचं राहतं घर विकावं लागलं. साठाव्या वर्षी ती भाड्याच्या खोल्यांत आली आणि याच काळात तिच्या कामाचा झपाटा सगळ्यात जास्त दिसतो. नवऱ्याशीही याच उतारवयात सूर जुळले. त्याला मँटी गावच्या मॉर्मन मंदिराचं काम मिळालं होतं, मोठा पसारा विरला होता, आता तो तिच्यापाशी निवांत बसत होता. तीनेक वर्षं हे सुख लाभलं आणि मार्च १८९१ मध्ये तोही गेला.

दरम्यान १८९० मध्ये पंथाचा अध्यक्ष विल्फर्ड वूडरफ याने नवी बहुपत्नीक लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं होतं आणि यूटाला राज्याचा दर्जा मिळायची वाट मोकळी झाली होती. आता प्रश्न हा की नव्या राज्याच्या घटनेत बायकांचं मत असेल की नाही. १८८९ मध्ये यूटाची मताधिकार संघटना उभी राहिली तेव्हा बायकांनी धोरणीपणा दाखवला. दर्शनी पदांवर एकपत्नीक घरांतल्या बायका बसवल्या. एमेलिन काही वर्षं मागे राहिली आणि १८९३ मध्ये अध्यक्ष झाली. मग जिल्ह्याजिल्ह्यांत शाखा, बैठका, अर्ज. १८९५ च्या घटना परिषदेत बायकांना मत मिळू नये म्हणून सगळ्यात जास्त घसा कोरडा केला तो बी. एच. रॉबर्ट्स याने. हा गृहस्थ स्वतः तीन बायकांचा नवरा. आणि त्याला तोडीस तोड उत्तर दिलं ते ऑर्सन व्हिटनीने, म्हणजे एमेलिनच्या दुसऱ्या नवऱ्याच्या नातवाने. कलम मंजूर झालं. मे महिन्यात अँथनी सॉल्ट लेकला येऊन बायकांच्या आनंदात सामील झाली आणि ४ जानेवारी १८९६ रोजी यूटा बायकांच्या मतासकट राज्य झालं. असं करणारं तिसरं राज्य.

त्या वर्षीच्या निवडणुकीत राज्याच्या सिनेटसाठी एमेलिन रिपब्लिकन पक्षाकडून उभी राहिली आणि पडली. निवडून आली ती डेमोक्रॅट डॉक्टर मार्था ह्यूज कॅनन, अमेरिकेतली पहिली महिला राज्य सिनेटर. मार्थाने हरवलेल्या उमेदवारांत खुद्द तिचा नवरा अँगस कॅनन होता. तीही त्याची चौथी बायको. सवतीची गरीब गाय म्हणून चित्रं काढणाऱ्या पूर्वेकडच्या व्यंगचित्रकारांची या निकालाने चांगलीच पंचाईत झाली असणार.

एमेलिनचं एक काम मात्र मताधिकाराहून निराळं होतं आणि मला ते तिच्या अग्रलेखांइतकंच मोलाचं वाटतं. दुष्काळासाठी धान्य साठवा असं ब्रिगम यंग पुरुषांना सांगून थकला होता. पीक आलं की पुरुष ते विकून मोकळे होत. १८७६ मध्ये त्याने ते काम बायकांवर सोपवलं आणि प्रमुख म्हणून एमेलिनला नेमलं. बायकांकडे ना जमीन ना पैसा. मग त्या कापणी झालेल्या शेतांत शिरल्या. मुलंबाळं घेऊन सरवा वेचू लागल्या, धसकटांतून ओंबी ओंबी गोळा करून झोडपून, पाखडून गहू काढायचा. कुणी पैपैसा जमवून गहू विकत घ्यायचं. काही पुरुषांनी टिंगल केली. बायकांनी गावोगाव कोठारं बांधली. त्यांत किडा लागायचा, उंदीर शिरायचे, जुना गहू वेळेवर विकून नवा भरावा लागायचा. बियाणं कमी पडलं की त्याच शेतकऱ्यांची पावलं या कोठारांकडे वळत. १९०६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात इथून पीठ गेलं, पुढच्या वर्षी चीनच्या दुष्काळाला गेलं. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारला गव्हाची चणचण पडली तेव्हा १९१८ मध्ये बायकांच्या साठ्यातले दोन लाखांहून जास्त बुशेल सरकारने घेतले. चार लाख डॉलरच्या वर रक्कम आली. तिचं व्याज पुढे बाळंतिणींच्या आणि तान्ह्या मुलांच्या आरोग्यावर खर्च होत राहिलं. सप्टेंबर १९१९ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन सॉल्ट लेकला आले तेव्हा ते सपत्नीक एक्क्याण्णव वर्षांच्या एमेलिनच्या खोलीवर गेले आणि गव्हाबद्दल आभार मानून आले. चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्या एका राष्ट्राध्यक्षाकडे ती अर्ज घेऊन गेली होती.

तोवर ती सगळ्यांची ‘आंट एम’ झाली होती. १८९९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय महिला परिषदेत बोलून आली होती. १९०० मध्ये अँथनीच्या ऐंशीव्या वाढदिवसाला यूटाच्या बायकांनी आपल्या रेशमाचं काळं कापड भेट पाठवलं. अँथनीने त्याचा पोशाख शिवून घेतला. १९०६ मध्ये अँथनी गेली, तिच्याकडून एमेलिनला सोन्याची अंगठी मिळाली. १९१० मध्ये, ब्याऐंशीव्या वर्षी, एमेलिन रिलीफ सोसायटीची अध्यक्षा झाली. १९१२ मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठाने तिला मानद डॉक्टरेट दिली.

शेवटची वर्षं सगळीच गोड नव्हती. एक्स्पोनंटला रिलीफ सोसायटीने आपलं अधिकृत मुखपत्र करावं, अशी तिची फार इच्छा होती. ती मान्य झाली नाही. १९१४ मध्ये तिने अंक बंद केला आणि पुढच्या वर्षी सोसायटीचं नवं मासिक निघालं, नव्या संपादिकेच्या हाताखाली. ऑगस्ट १९२० मध्ये साऱ्या अमेरिकेतल्या बायकांना मत मिळालं, ते तिने पाहिलं. एलिझा स्नोपासून सोसायटीच्या अध्यक्षा मरेपर्यंत पदावर राहत आल्या होत्या आणि आपलंही तसंच होईल असं ती धरून चालली होती. पण अंथरुणाला खिळलेल्या त्र्याण्णव वर्षांच्या बाईकडून कारभार होईना. २ एप्रिल १९२१ रोजी पंथाने तिला पदमुक्त केलं. हा निर्णय तिच्या जिव्हारी लागला. २५ एप्रिलला ती गेली. मुलगी अ‍ॅनी, जिला सवतीचं नाव दिलं होतं ती, आईला न लाभलेली विधिमंडळातली खुर्ची मिळवून बसली होती.